पाकिटावर ‘रायझोबियम’ लिहिलंय, पण ते कोणत्या पिकाचं?

पाठ : मुळावरच्या गाठीचे जिवाणू, त्यांची कुळं आणि आपली पिकं



खरीप तोंडावर आलाय. बियाणं आणि खतांच्या एकत्रित खरेदीची यादी करायचं काम सगळ्या ग्रामसंघांत चालू आहे. मागच्या बैठकीत एका गटानं यादीत लिहून दिलं, ‘रायझोबियम – ४० पाकिटं’. कोणत्या पिकासाठी, ते लिहिलंच नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, “ताई, रायझोबियम म्हणजे रायझोबियम. आधी सोयाबीनला लावू, उरलं तर तुरीला, आणि त्यातूनही उरलं तर रब्बीत हरभऱ्याला.”

मला त्यांना हसता आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं. जूनमधलं सोयाबीनचं उरलेलं पाकीट पत्र्याच्या खोलीत ठेवलं आणि दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याच्या बियाण्याला चोळलं. हरभरा काही बुडाला नाही. रान जुनं हरभऱ्याचंच होतं, मातीत त्याचे जिवाणू आधीच होते, त्यांनी गाठी धरल्या. पण माझ्या पाकिटाचा काडीचा उपयोग झाला नाही. नंतर प्रशिक्षणात कळलं की सोयाबीनचा जिवाणू आणि हरभऱ्याचा जिवाणू हे सख्खे तर सोडाच, एका कुळातलेही नाहीत.

आपण गटाच्या पैशातून खरेदी करतो. चाळीस पाकिटं चुकीची आली तर एकीचं नाही, सगळ्यांचं नुकसान आहे. म्हणून या अंकाचा पाठ या जिवाणूंच्या कुळांवर. नावं जरा जड आहेत, पाठ करायची गरज नाही. त्यांच्यातला फरक तेवढा लक्षात घ्या.

१. गाठ म्हणजे रोग नव्हे

सोयाबीनचं रोप उपटलं की मुळावर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. पूर्वी पुष्कळांना तो रोग वाटायचा. खरं तर त्या गाठीत लाखो जिवाणू राहतात आणि ते पिकासाठी काम करतात.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. आपल्या रानावर चोवीस तास नत्राचा साठा उभा आहे म्हणा ना. पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र घेतात, त्याचं झाडाला चालेल असं रूप करतात आणि झाडाला देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं आणि राहायला गाठीचं घर देतं. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे, म्हणून त्याला सहजीवन म्हणतात.

डाळवर्गीय पीक घेतलं की पुढचं ज्वारी-गव्हाचं पीक चांगलं येतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होतंच. फेरपालट त्यासाठीच करायचे. पण कारण उमगायला १८८६ साल उजाडलं. त्या वर्षी जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की या गाठींमुळेच झाडाला हवेतला नत्र मिळतो. १८८८ मध्ये नेदरलँडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला. १८८९ मध्ये जर्मनीच्या फ्रँक यांनी त्याला ‘रायझोबियम’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘रायझा’ म्हणजे मूळ आणि ‘बायोस’ म्हणजे जीवन. मुळात जगणारा, तो रायझोबियम.

२. जिवाणूचाही पूर्ण पत्ता असतो

आपण पत्ता कसा सांगतो? देश भारत, राज्य महाराष्ट्र, जिल्हा हिंगोली, तालुका कळमनुरी, मग गाव, मग घर. मोठ्या गटापासून लहान गटाकडे. शास्त्रज्ञ सजीवांचा पत्ता असाच लिहितात. वरून खाली संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. यालाच वर्गीकरण म्हणतात.

वाटाणा आणि मसुराच्या गाठीत राहणाऱ्या जिवाणूचा पत्ता बघा :

- सर्वांत वरचा गट : जिवाणू
- संघ : स्यूडोमोनाडोटा (जुनं नाव प्रोटिओबॅक्टेरिया)
- वर्ग : अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया
- गण : हायफोमायक्रोबिएलीस (जुन्या पुस्तकांत रायझोबिएलीस)
- कुल : रायझोबिएसी
- प्रजाती : रायझोबियम
- जाती : लेग्युमिनोसारम

शेवटची दोन नावं जोडली की जिवाणूचं पूर्ण नाव होतं : रायझोबियम लेग्युमिनोसारम. मतदार यादीत आडनाव आधी आणि नाव नंतर येतं ना, तसंच. ‘रायझोबियम’ हे आडनाव, ‘लेग्युमिनोसारम’ हे त्याचं स्वतःचं नाव. गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात. नुसतं आडनाव सांगून कर्ज कुणाच्या नावावर टाकायचं ते कळेल का? नाही. पाकिटाचंही तसंच आहे.

३. एका घराची तीन घरं कशी झाली

सुरुवातीला शास्त्रज्ञांनी गाठीच्या सगळ्या जिवाणूंना एकच आडनाव दिलं होतं, रायझोबियम. पण लवकरच लक्षात आलं की वाटाण्याच्या गाठीतला जिवाणू सोयाबीनवर गाठी करत नाही आणि सोयाबीनचा हरभऱ्यावर करत नाही. मग कोणाचा जिवाणू कोणाला चालतो, यावरून पिकांचे गट पाडले. १९३२ साली अमेरिकेत फ्रेड, बाल्डविन आणि मॅकॉय यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे गट आजही कामाला येतात.

पुढे प्रयोगशाळेत आणखी एक फरक दिसला. काचेच्या बशीत वाढवल्यावर काही जिवाणू तीन-चार दिवसांत ठिपक्यासारखे दिसायला लागतात, तर काहींना आठवडा किंवा त्याहून जास्त दिवस लागतात. लवकर वाढणारे आजूबाजूचं खाद्य आंबट करतात, हळू वाढणारे उलट करतात. एवढा फरक असेल तर आडनाव एक कसं ठेवायचं?

म्हणून १९८२ मध्ये हळू वाढणारे वेगळे काढले आणि त्यांना ‘ब्रॅडीरायझोबियम’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘ब्रॅडी’ म्हणजे सावकाश. सोयाबीनचा जिवाणू, जो आधी रायझोबियम जपोनिकम होता, तो ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम झाला. हरभऱ्याचा जिवाणू वेगानं वाढणारे आणि सावकाश वाढणारे यांच्या मधला निघाला. १९९७ मध्ये त्याला ‘मेसोरायझोबियम’ या नव्या प्रजातीत टाकलं. ‘मेसो’ म्हणजे मधला. त्याचं पूर्ण नाव मेसोरायझोबियम सिसेरी. हरभऱ्याचं शास्त्रीय नाव ‘सायसर’ आहे, त्यावरून ‘सिसेरी’.

आता जिवाणूंची जनुकं वाचता येतात. त्यातून नातं आणखी स्पष्ट झालं आणि कुळंही वेगळी मानली गेली. ब्रॅडीरायझोबियम आज नायट्रोबॅक्टरेसी कुलात धरतात, काही पुस्तकांत ब्रॅडीरायझोबिएसी असं लिहिलेलं असतं. मेसोरायझोबियम फायलोबॅक्टेरिएसी कुलात आहे.

हे आपल्याला अनोळखी नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आपली गावं जागेवरच राहिली, पण कागदावरचा जिल्हा बदलला. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बघा. १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०१३ पासून वसंतराव नाईक यांचं नाव लागलं. तरी कित्येक जण अजून जुनंच नाव घेतात. जिवाणूंचंही तेच झालंय. शास्त्रात नावं बदलली, पण बाजारात सगळ्यांना अजून ‘रायझोबियम’च म्हणतात.

गंमत बघा. आपल्या हिंगोलीची मोठी डाळ-तेलबिया पिकं म्हणजे सोयाबीन, तूर आणि हरभरा. या तिघांपैकी एकाचाही जिवाणू आज रायझोबिएसी कुलात नाही! त्या कुलात राहिले वाटाणा, मसूर, राजमा, मेथी यांचे जिवाणू.

४. एका कुळातले सगळे एकसारखे वागत नाहीत

रायझोबिएसी कुलातच अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा एक भाऊबंद आहे. तो नत्र देत नाही, उलट गुलाब, द्राक्ष, फळझाडांच्या खोडा-मुळांवर मोठ्या गाठी आणून झाड खराब करतो. त्याच्याकडे स्वतःचं जनुक झाडात घुसवण्याची कला आहे. ती ओळखून शास्त्रज्ञांनी त्याला कामाला लावलं. २००२ मध्ये आपल्या देशात परवानगी मिळालेल्या पहिल्या बीटी कापसातलं बीटी जनुक याच जिवाणूकडून कापसात घातलेलं आहे.

वरच्या गणात गेलं तर आणखी एक नातेवाईक भेटतो, ब्रुसेला. गाई-म्हशी, शेळ्या गाभडतात त्या आजाराचा हा जिवाणू माणसालाही ताप आणतो. म्हणून गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातानं उचलू नका आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नका.

कुळ सांगतं नातं, काम सांगत नाही. एकाच आडनावाची दोन माणसं वेगळी निघतात, तसंच हे.

५. जिवाणू पीक कसं ओळखतो?

पीक उगवलं की त्याची मुळं मातीत एक विशिष्ट रस सोडतात. सोयाबीनचा रस वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. मातीतल्या योग्य जिवाणूला तो रस ओळखू येतो आणि तोही उलट एक खूण पाठवतो. मुळाला ती खूण पटली तर मुळाचा बारीक केस वाकडा होतो, जिवाणूला आत घेतो आणि गाठ तयार व्हायला लागते. खूण पटली नाही तर दार बंद. कुलूप आणि किल्ली म्हणा. हरभऱ्याच्या कुलपाला सोयाबीनची किल्ली लागत नाही, ती कितीही नवी असली तरी.

काही किल्ल्या मात्र बऱ्याच कुलपांना लागतात. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचे जिवाणू बरेचसे एकमेकांना चालतात. म्हणून यांना ‘चवळी गट’ म्हणतात.

६. खरेदीच्या यादीसाठी

हे कापून बैठकीच्या वहीत चिकटवा.

- सोयाबीन : ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. पाकिटावर ‘सोयाबीन’ लिहिलेलं हवं.
- तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग : ब्रॅडीरायझोबियम, चवळी गट. पाकिटावर आपल्या पिकाचं नाव आहे का बघा.
- हरभरा : मेसोरायझोबियम सिसेरी. पाकिटावर ‘हरभरा’. हे रब्बीच्या तोंडावरच घ्या, जूनमध्ये घेऊन ठेवू नका.
- वाटाणा, मसूर : रायझोबियम लेग्युमिनोसारम.
- मेथी, लसूणघास : एन्सिफर मेलिलोटी (जुनं नाव रायझोबियम मेलिलोटी).
- हळद, ज्वारी, गहू, कापूस : या पिकांना नत्राच्या गाठी येतच नाहीत. रायझोबियम लावून उपयोग नाही. यांच्यासाठी अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम ही वेगळी जिवाणू खतं असतात. वसमतकडच्या हळदवाल्या तायांनी हे खास लक्षात ठेवा.

किती घ्यायचं? साधारण २५० ग्रॅमचं एक पाकीट १० किलो बियाण्याला लागतं. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलो धरलं तर एकराला तीन पाकिटं. गटातल्या दहा जणींचं मिळून वीस एकर सोयाबीन असेल तर साठ पाकिटं. पातळ स्वरूपातलं घेत असाल तर बाटलीवरचं प्रमाण बघा.

पाकीट हातात घेतल्यावर चार गोष्टी वाचा : पिकाचं नाव, जिवाणूचं नाव, तयार केल्याची तारीख आणि वापराची शेवटची तारीख. २००६ पासून जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि पातळ खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा. खताचं पोतं वर्षभर टिकतं, पण हे पाकीट म्हणजे जिवंत माल आहे, विरजणासारखा. उन्हात, पत्र्याखाली, फवारणीच्या औषधाशेजारी ठेवलं तर जिवाणू मरतात आणि आपल्या हातात नुसती काळी भुकटी उरते.

७. बियाण्याला लावताना

१. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा, वाळू द्या. जिवाणू सगळ्यांत शेवटी. सगळं एकाच बादलीत कालवू नका.

२. एक लिटर पाण्यात साधारण १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात. मग त्यात पाकीट मिसळा.

३. बियाणं ताडपत्रीवर पसरून हलक्या हातानं लावा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. जोरात चोळलं तर बी फुटतं आणि उगवण कमी होते.

४. सावलीत सुकवा, उन्हात नाही. त्याच दिवशी पेरा. पाऊस लांबला आणि पेरणी राहिली तर पुन्हा पेरताना पुन्हा जिवाणू लावा.

५. पेरणीनंतर युरियाचा मारा करू नका. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी धरतं. घरात आयतं आलं तर कमावणाऱ्याला कोण विचारतं?

ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच घेणार असाल तिथं हे काम चुकवू नका. सोयाबीन आपल्या मातीतलं मूळ पीक नाही, बाहेरून आलेलं आहे. नव्या रानात त्याचे जिवाणू नसण्याचीच शक्यता जास्त.

८. गाठ कापून बघा

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी, वापसा असताना, रानात चार-पाच ठिकाणची रोपं खुरप्यानं मातीसकट काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. मुळं बादलीत हलकेच धुवा आणि दोन-चार मोठ्या गाठी नखानं किंवा ब्लेडनं कापा.

- आतून गुलाबी किंवा लालसर : जिवाणू काम करतायत. हा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या पदार्थाचा आहे, त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात.
- आतून पांढरी : एक तर गाठ अजून कोवळी आहे, नाहीतर आतला जिवाणू काम करत नाही. आठवड्यानं पुन्हा बघा.
- हिरवी, तपकिरी किंवा काळी : गाठीचं काम संपलंय.
- गाठीच नाहीत : जिवाणू चुकीचा, मेलेला किंवा लावलाच नाही. किंवा युरिया जास्त झालाय.

सूत्रकृमीमुळंही मुळावर गाठी येतात, त्या वेगळ्या. नत्राची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटानं सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही. वांगी, टोमॅटोच्या मुळावर गाठी दिसल्या तर त्या नत्राच्या नव्हेत, हे नक्की समजा.

पुढच्या बैठकीसाठी काम

१. गटातल्या प्रत्येकीचं पीक आणि एकर लिहा. ‘रायझोबियम’ असा एकच रकाना न ठेवता सोयाबीन, तूर-मूग-उडीद आणि हरभरा असे तीन रकाने करा.

२. घरात जुनं पाकीट असेल तर बैठकीला आणा. पिकाचं नाव आणि शेवटची तारीख सगळ्यांनी मिळून वाचा. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांना तारीख कुठं छापतात ते दाखवा.

३. एका ताईनं आपल्या रानात चार ओळी जिवाणू न लावता पेराव्यात. चाळीस दिवसांनी सगळ्या मिळून दोन्हीकडची रोपं काढू आणि गाठी मोजू. हे आकडे प्रभागसंघाकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.

४. शंका असेल तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या कृषी सखीला विचारा.

त्या चाळीस पाकिटांच्या यादीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गटानं ती परत घेतली, एकरांचा हिशोब केला आणि नवी यादी दिली : सोयाबीनची ३३, तुरीची ७. हरभऱ्याची यादी दसऱ्यानंतर करायची ठरली. पाकिटं तेवढीच, चाळीसच! पण आता प्रत्येक पाकीट कोणत्या पिकाला लावायचं, हे प्रत्येकीला माहीत आहे.